पणजीच्या जिन्यांवरचं चर्च नेमकं किती जुनं?

प्रश्न असा आला होता: "डिसेंबरात पणजीला गेलो होतो. बाजारातून वर बघितलं की नागमोडी जिन्यांवर उभं असलेलं ते पांढरंशुभ्र चर्च. माहितीत १५४१ साल वाचलं. इमारत खरंच तेवढी जुनी आहे का? बाहेरून एवढा थाट असून आत ते लहान आणि साधं का वाटतं? आणि जुन्या गोव्यातलं बॉम जेझुस लाल दगडाचं, मग हे पांढरं का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका सालात बसत नाही, म्हणून जरा लांबण लावतो. माझा धंदा जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा. पंचवीसेक वर्षं गोव्यात आणि सिंधुदुर्गात चिरा, चुना, वाळवी आणि गळकी छपरं यांच्याशीच संसार चाललाय. या चर्चचं काम मी केलेलं नाही, हे आधीच सांगतो. पण ते जाता-येता रोज दिसतं, आणि अशा इमारती बघायची डोळ्यांना सवय झाली की रस्त्यावर उभं राहूनही पुष्कळ कळतं.

१५४१ हे साल खोटं नाही, पण तुम्ही पाहिलेल्या इमारतीचं ते नाही. त्या साली टेकडीच्या उतारावर एक कपेल बांधलं गेलं. कपेल म्हणजे छोटं प्रार्थनाघर. तेव्हा पणजी हे शहरच नव्हतं. मांडवीच्या मुखाशी कोळ्यांची-शेतकऱ्यांची वस्ती, खाजणं (खाऱ्या पाण्याच्या सखल जमिनी), माड, आणि नदीकाठी आदिलशहाचा वाडा, एवढाच पसारा. राजधानी नदीतून वर नऊ-दहा किलोमीटरांवर, आज आपण जिला जुनं गोवं म्हणतो ती. लिस्बनहून सहा-सहा महिने समुद्रात काढून आलेलं गलबत मांडवीत शिरलं की खलाशी आधी इथे उतरायचे, टेकडी चढून जीव वाचल्याबद्दल सायबिणीचे, म्हणजे मेरीमातेचे, आभार मानायचे आणि मग राजधानीकडे निघायचे, असं परंपरेनं सांगितलं जातं. टेकडीची जागा पाहिली की ते पटतं. नदीतून येणाऱ्याला हा उतार समोरच दिसतो.

त्या सालाला दुसरीही बाजू आहे आणि ती सोडून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. १५४०-४१ हीच तिसवाडीतली, म्हणजे पणजी आणि जुनं गोवं ज्यात येतात त्या भागातली, देवळं पाडली जाण्याची वर्षं. देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चच्या कामाकडे वळवलं गेलं तेही १५४१ मध्येच. तिसवाडीत चर्च-कपेलांची बांधकामं या सुमारास एकदम का वाढली, याचं हे एक कारण. पणजीत हिंदूंना उघडपणे देऊळ बांधायची परवानगी मिळाली ती थेट १८१८ च्या सुमारास, महालक्ष्मीच्या देवळाला. ते देऊळही याच टेकडीच्या अंगाला आहे. मध्ये पावणेतीनशे वर्षं गेली.

१६०० साली कपेलचं रूपांतर पॅरिशच्या चर्चमध्ये झालं. आपल्याकडे पुष्कळांना कपेल, चर्च आणि कॅथेड्रल यांतला फरक आकाराचा वाटतो. तो कामाचा आहे. कॅथेड्रल म्हणजे बिशपाचं आसन. पॅरिश चर्च म्हणजे ठरावीक हद्दीतल्या लोकांचं. तिथे विगार (मुख्य पाद्री) नेमलेला असतो, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या नोंदवह्या असतात, दफनाची सोय असते आणि इमारतीच्या देखभालीचा हिशेब ठेवणारी 'फाब्रिका' असते. खेड्यापाड्यांत या चर्चचा खर्च बराचसा गावकरीच्या उत्पन्नातून निघायचा. गावकरी म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी राखणारी पोर्तुगिजांच्याही आधीची संस्था. म्हणजे वास्तूचा आराखडा युरोपातून आला, पण पैसा भातशेतीचा, हात इथल्या गवंड्यांचे आणि दगड इथल्या चिरेखाणींतला. गोव्यातलं कुठलंही पॅरिश चर्च बघताना एवढं डोक्यात ठेवलं तरी नजर बदलते.

पॅरिश झाल्यावर कपेल पुरेना आणि १६१९ मध्ये पुनर्बांधणी झाली. आजच्या चर्चचा मुख्य देह त्या काळातला. जुन्या गोव्यातल्या सें कॅथेड्रलचं मुख्य बांधकामही १६१९ सालीच संपलं. एकीकडे साम्राज्याचा मिरवणारा डोलारा, दुसरीकडे बंदरावरच्या वस्तीचं मध्यम चर्च. तुम्हाला आत ते लहान वाटलं त्याचं उत्तर इथेच आहे. ते लहान वस्तीसाठीच बांधलं होतं. थाट नंतर चढला, आणि तोही फक्त बाहेरून.

तो कसा चढला ते सांगतो.

जुन्या गोव्याला साथींनी पोखरलं. ताप, पटकी, विहिरींचं खराब पाणी. लोक निघून जाऊ लागले. १६३३-३४ मध्ये लिन्यारिशच्या काउंटनं रायबंदर ते पणजी हा तीनेक किलोमीटरचा चिऱ्याचा बांध-पूल खाजणातून घातला होता, तो आता उपयोगी पडला. १७५९ मध्ये व्हाइसरॉय आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला. पुढे एकोणिसाव्या शतकात दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु या गव्हर्नरानं पणजीची दलदल भरून घेतली, सरळ रस्ते आखले आणि १८४३ मध्ये 'नोव्हा गोवा' म्हणून पणजी अधिकृत राजधानी झाली. खलाशांचं टेकडीवरचं चर्च आता राजधानीच्या मुख्य चौकाच्या डोक्यावर आलं. समोर बाग, भोवती कचेऱ्या. मूळ दर्शनी भिंत एवढ्या लांबून, एवढ्या खालून बघितली जाईल असं १६१९ च्या गवंड्याच्या ध्यानीमनीही नसणार.

तुमच्या फोटोत जे चर्च दिसतं त्यातलं निम्मं या बदललेल्या परिस्थितीनं घडवलं आहे. ते जिने मूळ चर्चबरोबरचे नाहीत, पुष्कळ नंतरचे आहेत. दोन बाजूंनी सारखे चढणारे, एकमेकांकडे वळून पुन्हा फाकणारे, मध्ये गच्च्या, कडेला कठडे. मधल्या टप्प्यावर सायबिणीचा पुतळा. जिने डोळ्यांआड करून बघा: वर उरतं ते दोन बुटक्या मनोऱ्यांचं, बेताच्या रुंदीचं, कोणत्याही मोठ्या गावात शोभेल असं चर्च. जिन्यांनी त्याच्याखाली चौथरा घातला आणि उंची दिल्याचा भास केला. नाटकातला नट ठेंगणा असला तर त्याला पायरीवर उभं करतात, तसंच.

पण माझ्यासारख्याला त्या जिन्यांत दुसरंच काही दिसतं. ती मुळात राखण-भिंत आहे. टेकडीची माती खाली येऊ नये म्हणून तिला टप्प्याटप्प्यानं अडवलं आहे आणि प्रत्येक टप्प्याला पायऱ्यांचा मुलामा दिला आहे. कोकणातली पाखाडी याच बुद्धीची: उतार थेट चढायचा नाही, वळसा घालत चढायचं आणि प्रत्येक वळणावर गडग्यानं माती धरायची. अशा भिंतीला ओझ्यापेक्षा पाण्याचं भय जास्त. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा दोन महिन्यांत. भिंतीमागची माती भिजून फुगली की तिला बाहेर पडायला वाट लागते. भिंतीत ठेवलेली भोकं बुजली, किंवा कुणी 'स्वच्छता' म्हणून ती सिमेंटनं लिंपली, की दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला पोट सुटतं. तेव्हा जुने जिने बघायला गेलात तर पांढऱ्या रंगाकडे कमी आणि तळाशी पाणी निथळायच्या जागांकडे जास्त बघा. तिथे शेवाळाचा ओघळ दिसला तर काळजी नको, पाणी बाहेर येतंय. ऐन पावसात तिथे सगळं कोरडं असेल तर मात्र मला झोप लागत नाही.

आता घंटा. दोन मनोऱ्यांच्या मधोमध जो उंच भाग वर गेला आहे तो मनोरा नाही. ती घंटेसाठी उभारलेली आरपार भिंत आहे, तिच्या कमानीत घंटा टांगली आहे. गोव्यातल्या बहुतेक जुन्या चर्चांत घंटा बाजूच्या मनोऱ्यात असते. इथे ती मध्ये, सगळ्यात उंच, आणि मनोरे तिच्यापुढे पाहुण्यांसारखे अवघडून उभे. हे प्रमाण डोळ्याला खटकतं, खटकायलाच हवं. कारण ही घंटा या चर्चची नाहीच.

ती जुन्या गोव्यातल्या पवित्र डोंगरावरच्या ऑगस्टिनियन मठाची. त्या मठाचं चर्च १५९७ ते १६०२ या काळात बांधलं होतं आणि एकेकाळी गोव्यातल्या सर्वांत भव्य इमारतींत त्याची गणती होती. १८३५ मध्ये सरकारनं धार्मिक संघ बंद केले, संन्याशांना बाहेर काढलं. इमारत ओस पडली. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा गेला. आज उरलेला ४६ मीटर उंचीचा चिऱ्याचा सुळका तुम्ही पाहिलाच असेल. मठाची ती घंटा आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीला आली. सव्वादोन टनांच्या आसपास वजनाची ही घंटा सें कॅथेड्रलच्या सोन्याच्या घंटेनंतर गोव्यात सर्वांत मोठी मानतात. एवढं धूड जुन्या बुटक्या मनोऱ्यात मावणार कुठे? म्हणून दर्शनी भिंतीचा मधला भाग उंचावला.

मराठी वाचकाला घंटांचे प्रवास नवीन नाहीत. वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चांच्या घंटा आपल्या देवळांत पोचल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ सालची घंटा त्यांतलीच, तिच्यावर तर भाषेत म्हण बनली. तिथे लूट होती, इथे घरातल्या घरात स्थलांतर. पण वास्तूच्या अंगानं गोष्ट एकच: पितळ-काशाचा तो गोळा जिथे जातो तिथे भिंतीला, तुळईला, पायाला आपल्या सोयीनं वागायला लावतो. घंटा वाजते तेव्हा नुसतं वजन खाली येत नाही, ती झुलताना आडवा हिसकाही देते. चिऱ्याच्या बांधकामाला उभं ओझं सोसतं, आडवा हिसका सोसत नाही. दक्षिण गोव्यातल्या एका चर्चमध्ये मला घंटेच्या कमानीखाली केसासारखी बारीक चीर दाखवली होती. तिथल्या म्हाताऱ्या घंटेवाल्यानं सांगितलं, फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक उत्सवाच्या, आठवड्यात ती वाढते. आम्ही कागदाच्या पट्ट्या चिकटवून पाहिलं. म्हातारा बरोबर होता.

आता पांढऱ्या रंगाचा प्रश्न. हा माझा हळवा विषय, तेव्हा थोडं सोसा. पोर्तुगीज काळात पांढरा रंग फक्त चर्चना राखीव होता, म्हणून घरं पिवळी-निळी-तांबडी, असं गोव्यात सर्रास सांगतात. गोष्ट छान आहे. पण चर्च पांढरं असण्याचं पहिलं कारण दगडात आहे.

चिरा, म्हणजे जांभा, खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीनं तासता येतो इतका मऊ असतो. हवा लागली की घट्ट होतो. पण तो अंगानं स्पंजासारखा. भोकाभोकांचा, पाणी पिणारा, भोकांत चिकणमाती भरलेला. उघडा ठेवला तर पावसाची धार ती माती धुऊन नेते आणि दगड आतून पोकळ होत जातो. म्हणून त्याला कातडं लागतं. ते कातडं चुन्याच्या गिलाव्याचं. किनाऱ्यावर शिंपल्या भरपूर, त्या भाजून चुना करायचा, विरघळवून महिनोन् महिने पाण्याखाली मुरत ठेवायचा, वाळूबरोबर घाणीत (चुना मळायच्या चक्कीत) मळायचा, त्यात गुळाचं पाणी. गिलाव्यावर दर वर्षी पावसाळा संपला की चुन्याच्या निवळीचे पातळ हात कुंच्यानं द्यायचे. एक जाड हात नाही, तीन-चार पातळ. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड बनतो, पण त्याची भोकं बंद होत नाहीत. भिंतीत शिरलेलं पाणी त्यातून वाफ होऊन निघून जातं. पांढरा रंग हा या सगळ्याचा परिणाम. पणजीच्या चर्चचं फेस्त ८ डिसेंबरला, पाऊस थांबून दोनेक महिने झालेले असतात. भिंत सुकायला आणि सफेदी करायला पंचांग याहून सोयीचं कुणी आखलं नसतं.

आता बॉम जेझुस. तुम्हाला ते लाल दिसलं म्हणून मुळात तसंच असेल असं वाटलं. ते तसं नव्हतं. १५९४ ते १६०५ या काळात बांधलेली ही बॅसिलिका शतकानुशतकं गिलावा ल्यायलेली होती. १९५० च्या दशकात बाल्ताझार काश्त्रु या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली तो उतरवला गेला, दगड उघडा असला की इमारत 'जुनी' दिसते या समजुतीपायी. तेव्हापासून तो चिरा दर पावसाळ्यात झिजतो आहे. गिलावा परत चढवावा, असं माझ्यासकट या धंद्यातल्या बऱ्याच जणांचं मत. पण आता तीन पिढ्यांनी ते लालच पाहिलंय, पोस्टकार्डावरही लालच, त्यामुळे पांढऱ्याचं नाव काढलं की लोक अंगावर येतात. दगड लोकांचं मत विचारून झिजत नाही, एवढंच मी त्यांना म्हणतो.

पणजीच्या चर्चचं नशीब की त्याचं कातडं कुणी काढलं नाही. ते स्मारक नाही, वापरातलं पॅरिश आहे. युनेस्कोच्या १९८६ च्या यादीत जुन्या गोव्याची चर्च आणि मठ आले, हे त्यात नाही. पण तिथे रोज मिस (सामूहिक प्रार्थनाविधी) होते, रविवारी पोर्तुगीजमध्येही, आणि फेस्ताआधी कुणीतरी भिंतीकडे वर मान करून बघतंच. वापर हीच जुन्या इमारतीची सगळ्यात स्वस्त देखभाल.

वापरातल्या चर्चना धोका असतो तो वेगळा: भक्तांच्या उदारपणाचा. बार्देशातल्या एका चर्चमध्ये परदेशी असलेल्या कुटुंबानं देणगी दिली म्हणून उत्साहानं आतून सिमेंटचा गिलावा झाला. वर चकचकीत तेलरंग. मी गेलो तेव्हा तीन पावसाळे झाले होते. बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत गेलो, छातीपर्यंत सगळीकडे बद्द आवाज. सिमेंटनं भिंतीचा श्वास कोंडला होता, पाणी आत अडकून मीठ फुलत होतं आणि गिलावा सुटताना बोटभर चिराही घेऊन निघत होता. बिचाऱ्या विगाराला ते सांगताना मलाच वाईट वाटलं. देणगीदाराच्या नावाची फरशी त्याच भिंतीवर होती.

आतल्या साधेपणाबद्दल थोडंच सांगतो. मुख्य वेदी निष्कलंक गर्भसंभवाच्या मातेची, सोनेरी, कोरीव. दोन बाजूंच्या वेद्यांपैकी एक क्रुसावरच्या येशूची, एक रोझरीच्या सायबिणीची. सगळी श्रीमंती त्या एका टोकाला आणि बाकी भिंती कोऱ्या. हा कंजूषपणा नाही, आखणी आहे. दारातून आत आलेल्याची नजर कुठेही न रेंगाळता थेट वेदीवर जावी म्हणून. सोनेरी दिसतं ते लाकूड, त्यावर वर्ख. म्हणजे खरा शत्रू वाळवी. दक्षिणेकडच्या बाजूच्या वेदीचा जुना कोरीव पडदा मात्र पाहायला विसरू नका. तो नदीकाठच्या राजवाड्यातल्या व्हाइसरॉयच्या प्रार्थनाघरातून आणलेला आहे. घंटेसारखाच, दुसरीकडून आलेला.

म्हणून सालाचं उत्तर असं देतो: जागा १५४१ ची, पॅरिश १६०० चं, देह १६१९ चा, घंटा मठाची आणि तिच्यासाठीचा माथा १८७१ चा, जिने नंतरचे, आणि कातडं गेल्या पावसाळ्यानंतरचं.

पुन्हा गेलात तर दुपारी जाऊ नका, पांढऱ्या भिंतीवर ऊन डोळ्यांत घुसतं आणि काही दिसत नाही. सकाळी सातच्या सुमारास बागेच्या कोपऱ्यावर उभे राहा. त्या मऊ उजेडात गिलाव्यावरचे उंचवटे, जुन्या-नव्या कामाचे सांधे सगळं उठून दिसतं. मग मागच्या बाजूनं फोंताइन्या या जुन्या वस्तीत उतरा. तिथे सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या कपेलमध्ये इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला क्रूस आहे. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर तो आधी नदीकाठच्या राजवाड्यात गेला आणि १९१८ मध्ये या कपेलमध्ये आला. सहसा क्रुसावरच्या येशूची मान खाली आणि डोळे मिटलेले असतात. याची मान ताठ आहे आणि डोळे उघडे. तिथून दोन गल्ल्या सोडून बेकरी आहे, पण आठनंतर पाव उरत नाहीत.